इंग्रजीचं कोडं, तुमचे प्रश्न : ‘आय हॅव कम्प्लीटेड इन २०१९’ यात चुकतं काय?

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, बी.कॉम. झालेय, सध्या पुण्यात एका ऑफिसमध्ये अकाउंट्सला आहे आणि दुसरीकडे इंटरव्ह्यू देतेय. सेल्फ इंट्रोडक्शन पाठ केलंय त्यात ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९’ आणि ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ अशी दोन वाक्यं आहेत. मैत्रीण म्हणते दोन्ही चूक. शाळेत तर हॅव किंवा हॅज आणि पुढे व्हर्बचं तिसरं रूप असंच शिकवलेलं, मग चुकतंय कुठे?

उत्तर : ताई, मैत्रीण बरोबर सांगतेय, आणि शाळेतला फॉर्म्युलाही बरोबरच आहे. आय, यू, वुई, दे ला हॅव, ही, शी, इट ला हॅज आणि पुढे तिसरं रूप, म्हणजे शी हॅज रिटन, दे हॅव गॉन. ‘हॅज रोट’, ‘हॅव वेंट’ नाही चालत, त्यामुळे राइट-रोट-रिटन, गो-वेंट-गॉन ही रूपं पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. प्रश्न विचारताना हॅव वाक्याच्या सुरुवातीला येतं, हॅव यू ईटन? एवढंच. पण हा काळ, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, वापरायचा केव्हा हे बऱ्याच वर्गांत राहूनच जातं, रिकाम्या जागा भरल्या की धडा संपला, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण मुलं पुढे इंटरव्ह्यूत नेमकी तिथेच अडतात.

आपल्या मराठीत ‘मी तुम्हाला काल मेल पाठवलाय’ हे वाक्य अगदी सहज आहे, काल पण आहे आणि ‘पाठवलाय’ पण आहे, कुणाला खटकत नाही. इंग्रजीला ते चालत नाही. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे झालेल्या गोष्टीचा आत्ताशी संबंध, त्यामुळे येस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ असा संपून गेलेला वेळ वाक्यात आला की हॅव काढायचं आणि साधा पास्ट टेन्स घालायचा. म्हणून ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९’. साल सांगायचं नसेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम.’ एकदम करेक्ट, कारण डिग्री आज तुमच्या हातात आहे हेच सांगायचंय. ‘व्हेन हॅव यू कम?’ पण याच कारणाने चूक, केव्हा विचारलं म्हणजे ठरावीक वेळ आलीच, तिथे ‘व्हेन डिड यू कम?’. टुडे, धिस वीक चालतात, कारण ते अजून संपलेले नाहीत.

आता दुसरं वाक्य. तिथे उलटं होतं, मराठीत आपण ‘चार वर्षांपासून काम करतेय’ म्हणतो, सरळ वर्तमानकाळ, आणि इंग्रजीला मात्र तिथे परफेक्ट हवा, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’. सिन्स का नाही? आपल्याकडे ‘चार वर्षांपासून’ आणि ‘२०२१ पासून’ दोन्हीकडे पासूनच आहे, इंग्रजीत किती काळ ते सांगायला फॉर आणि कधी सुरू झालं ते सांगायला सिन्स, म्हणजे फॉर फोर इयर्स पण सिन्स २०२१. आणि हे नीट लक्षात ठेवा, सोडलेल्या नोकरीबद्दल बोलताना ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणायचं, ‘आय हॅव बीन वर्किंग देअर’ म्हटलंत तर समोरच्याला वाटणार तुम्ही अजून तिथेच आहात, आणि मग नोटीस पिरियड किती असा प्रश्न येतो.

सचिनवरून पटकन कळेल. १६ मार्च २०१२ ला मीरपूरला बांगलादेशविरुद्ध त्याचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक झालं. त्या क्षणी बातमी देताना ‘सचिन हॅज स्कोअर्ड हिज हंड्रेड्थ हंड्रेड’ म्हणणार, आणि लगेच पुढे कुठे, कधी हे सांगायचं झालं की ‘ही स्कोअर्ड इट इन मीरपूर ऑन फ्रायडे’. इंग्रजी बातम्या ऐकताना मुद्दाम लक्ष द्या, पहिलं वाक्य बरेचदा परफेक्टमध्ये असतं आणि तपशील साध्या पास्टमध्ये. तेव्हा तो खेळत होता म्हणून ‘ही हॅज प्लेड फॉर इंडिया सिन्स १९८९’ बरोबर होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर तो शेवटची टेस्ट खेळला आणि त्यानंतर ‘ही प्लेड फॉर इंडिया फॉर ट्वेंटी फोर इयर्स’.

प्रश्न : ‘आय हॅड गॉन टू मुंबई येस्टर्डे’ असं मी मेलमध्ये लिहिलं तर साहेबांनी हॅड खोडलं. ‘गेलो होतो’ला हॅडच येतं ना?

उत्तर : नाही दादा, साहेबांचं बरोबर आहे. ‘काल मुंबईला गेलो होतो’ म्हणजे इंग्रजीत ‘आय वेंट टू मुंबई येस्टर्डे’, संपलं. होतो दिसलं की हॅड घालायचं ही आपल्याकडे फार पसरलेली सवय आहे. मागच्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली एक आधी घडली हे दाखवायचं असेल तेव्हा हॅड, जसं ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट’.

प्रश्न : हॅज गॉन आणि हॅज बीन यात फरक काय?

उत्तर : ‘बाबा हॅज गॉन टू शिर्डी’ म्हणजे गेलेत, अजून आले नाहीत. ‘बाबा हॅज बीन टू शिर्डी’ म्हणजे जाऊन आलेत, आत्ता तिथे नाहीत.

प्रश्न : न्यू जर्सीचा नातू फोनवर ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतो. इथे दहावीतल्या नातीला तेच चूक म्हणून मार्क कापले. खरं कुणाचं?

उत्तर : आजी, दोघांचं खरं. अमेरिकेत जस्ट, ऑलरेडी, यट यांच्याबरोबर साधा पास्ट टेन्स बोलताना सर्रास चालतो, ‘डिड यू ईट यट?’ हे तिकडे रोजचं बोलणं आहे. आपली शाळेची पुस्तकं ब्रिटिश वळणाची, तिथे ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’. नातीने पेपरात हेच लिहावं, आणि नातवाला मात्र अजिबात दुरुस्त करू नका.