उंदरांच्या पिढ्या आणि दोन वर्षांचा करार

तुझा प्रश्न थोडक्यात असा: उंदराच्या वृषणातल्या एका जनुकावर पीएचडी झाली, ते जनुक नसलं की शुक्राणू तयार होता होता मायोसिसमध्येच, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातच, अडकतात. आता पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, ब्रिटनमधून दोन वर्षांचं आणि जर्मनीतून तीन वर्षांचं बोलावणं आहे. पुढे कधीतरी माणसावर काम करायचंय. "ताई, कुठे जाऊ?" ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंवर येते. मी ब्रिटनमध्ये याच विषयात अकरा वर्षं आहे.

इथे आल्यावर पहिले सात महिने मी माझ्या कामाच्या एकाही उंदराला हात लावला नव्हता. आळस नव्हता, कागद होते. ब्रिटनमध्ये १९८६च्या प्राणी प्रयोग कायद्याखाली तीन वेगवेगळे परवाने लागतात: एक संस्थेचा, एक प्रकल्पाचा आणि एक तुझा स्वतःचा. स्वतःच्या परवान्यासाठी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. भारतात पाच वर्षं उंदीर हाताळलेत हे ऐकून सगळे कौतुकाने मान हलवतात आणि कोर्सची तारीख हातात ठेवतात. प्रकल्पाच्या परवान्यात तू करणार ती प्रक्रिया आधीपासून लिहिलेली नसेल, तर दुरुस्ती मंजूर होईपर्यंत थांबायचं.

त्यातून माझी लाइन, म्हणजे ठरावीक जनुकबदल असलेल्या उंदरांचा वंश, बाहेरून यायची होती. चांगलं अॅनिमल हाऊस बाहेरचे जिवंत उंदीर सरळ आत घेत नाही, संसर्गाची भीती असते. म्हणून गोठवलेले शुक्राणू मागवायचे, इथे आयव्हीएफ करायचं, भ्रूण इथल्या निरोगी मादीच्या पोटात सोडायचे आणि मग पिल्लं तपासून घ्यायची. माझे शुक्राणू ज्या जातीचे होते ती सी५७ब्लॅक६. गोठवून वितळवल्यावर या जातीचे शुक्राणू रुसतात ही जुनी तक्रार आहे. पहिली खेप वितळवली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली चार-दोन शेपट्या वळवळत होत्या, बाकी सगळं शांत. दुसरी खेप यायला अजून दीड महिना. यात कुणाचा मोठा दोष नव्हता, पण मुलाखतीत याबद्दल एक शब्दही निघाला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं.

आता तुझा हिशेब. समज, नवं जनुक क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्राने, काढायचंय. भ्रूणात बदल केल्यापासून पिल्लं व्हायला साधारण तीन आठवडे, ती वयात यायला सहा-सात. साध्या उंदरांशी संकर, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा सहा-सात. मग त्या भावंडांचा आपसात संकर, पुन्हा तीन आठवडे, आणि जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेला नर पूर्ण वाढून वृषण तपासण्याजोगा व्हायला आणखी आठ-दहा आठवडे. सगळं पहिल्या झटक्यात जमलं तरी सात-साडेसात महिने. नर खरंच वांझ आहे की नाही हे बघायला तो माद्यांसोबत दोन-तीन महिने ठेवावा लागतो, ते वेगळे. यात परवान्याचे महिने मिळव आणि दोन वर्षांतलं काय उरतं ते बघ.

आणि उरलेल्यात निकाल काय येईल? २०१६ साली ओसाकाच्या गटाने एक शोधनिबंध छापला. वृषणात भरपूर चालणारी, उत्क्रांतीत टिकून राहिलेली ५४ जनुकं त्यांनी उंदरातून काढली, आणि नर आरामात बाप झाले. मी तो वाचला तेव्हा पोटात गोळाच आला. माझं दुसरं जनुक त्यातलं नव्हतं, पण वागलं अगदी तसंच. करार संपायला पाच महिने असताना पिंजऱ्यात गुटगुटीत पिल्लं खेळत होती. गोंडस पिल्लं बघून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तेव्हा दोन्ही पीआयना, म्हणजे लॅबप्रमुखांना, विचार: लाइन आत्ता पिंजऱ्यात आहे की मनात? माझी प्रक्रिया प्रकल्पाच्या परवान्यात बसते का? आणि नॉकआउटमध्ये, म्हणजे जनुक काढलेल्या उंदरात, काहीच दिसलं नाही तर माझ्याकडे दुसरं काय असेल? तिसऱ्या प्रश्नावर जो पीआय हसून विषय बदलेल, त्याच्याकडे जाऊ नकोस.

कायद्याबद्दल तू घाबरलेली दिसतेस. निम्मी भीती फुकट आहे. जर्मनीचा भ्रूण संरक्षण कायदा १ जानेवारी १९९१ पासून लागू आहे आणि तिथे मानवी भ्रूणावर संशोधन करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या कायद्याने एचएफईए हे खास प्राधिकरण नेमलं, त्याचा परवाना घेऊन १४ दिवसांपर्यंतच्या भ्रूणावर काम करता येतं. २०१६ साली याच प्राधिकरणाने लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या कॅथी निआकन यांना मानवी भ्रूणात क्रिस्पर वापरायची परवानगी दिली होती. पण तुझ्या उंदरांचे शुक्राणू मायोसिसमध्येच अडकतात! फलनापर्यंत गोष्ट जातच नाही. वांझ पुरुषांच्या वृषणाचे नमुने आणि त्यांचा डीएनए यावर संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन जर्मनीत उत्तम काम चालतं; पुरुष वंध्यत्वाच्या जनुकशास्त्रात म्युन्स्टरचं नाव जगात घेतात. फलनानंतर काय होतं हाच प्रश्न धरायचा असेल, तर मात्र ब्रिटन.

भारतातल्या रुग्णांचे नमुने सोबत आणायचं मनात असेल, तर ते आत्ताच काढून टाक. परदेशी सहकार्यासाठी माणसाचे नमुने बाहेर न्यायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते, ते आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालतं. बॅगेत ट्यूब घालून विमानात बसलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या असशील, तसलं काही करू नकोस.

त्याऐवजी पीएचडीच्या उंदरांच्या वृषणाचे मेणात बसवलेले ब्लॉक आणता येतात का बघ. दोन्ही संस्थांमध्ये लेखी करार करून, रीतसर. माझ्याकडे तेवढंच होतं आणि त्यावरच ते सात महिने निघाले. वृषण बुऑं या पिवळ्या द्रावणात टिकवून ठेवलेलं हवं, फॉर्मलिनमध्ये शुक्राणू तयार करणाऱ्या नलिका आक्रसतात. बोटं पिवळी होतात, होऊ देत. पातळ कापावर (सेक्शनवर) पीएएस रंग दिला की घडत असलेल्या शुक्राणूचा अॅक्रोसोम, म्हणजे डोक्यावरची टोपी, किरमिजी दिसतो आणि त्याच्या आकारावरून उंदराच्या नलिकेच्या बारा अवस्था ओळखता येतात. लॅबमधल्या एका जुन्या तंत्रज्ञ बाईंनी मला शेजारी बसवून रोज वीस नलिका वाचायला लावल्या. पहिले पंधरा दिवस माझी चौथी अवस्था त्यांच्या हिशेबाने सहावी असायची. पेशी चौथ्या अवस्थेत मरतायत की नंतर, यावर मायोसिसमध्ये नेमकं कुठे बिघडलंय ते बरंचसं कळतं. तू "मायोसिसमध्ये अडकतात" एवढंच लिहिलंयस. मुलाखतीत पहिला प्रश्न याच्यावरच येईल.

व्हिसाचं थोडक्यात. आपल्या पासपोर्टवर काही विज्ञान विषयांत संशोधक म्हणून ब्रिटनमध्ये यायचं तर आधी एटास हे ब्रिटिश सरकारचं सुरक्षा-मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या वेळी फक्त विद्यार्थ्यांना लागायचं, मे २०२१ पासून संशोधकांनाही लागतं. तुझ्या कामाला लागतं का, हे संस्थेच्या एचआरकडून लेखी घे आणि तिकीट त्याआधी काढू नकोस. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड झालाय आणि तो पूर्ण मुदतीचा एकरकमी भरावा लागतो, नवरा सोबत येणार असेल तर त्याचा वेगळा. काही संस्था परत देतात, काही देत नाहीत. सही करायच्या आधी विचार. मी नंतर विचारलं होतं.

तू लिहिलंयस त्यावरून, जर्मनीच्या लॅबमध्ये लाइन तयार असेल तर मी तीन वर्षांचा करार घेईन. ब्रिटनवाले तिसरं वर्ष लेखी देत असतील आणि त्यांचे उंदीर पिंजऱ्यात असतील तर पुन्हा बोलू. दोघांनाही आजच मेल टाक आणि उत्तरं आली की इथेच लिही. त्याआधी त्या स्लाइड्स पुन्हा काढून चौथी अवस्था शोधून ठेव.