स्वस्त कॉल आणि माडीवरची खोली

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. मुलगा शारजात अकाउंटंट आहे. तिथून व्हॉट्सॲपवर बोलणं होत नाही, म्हणून त्यानं खोलीतल्या सोबत्याच्या ओळखीनं एक कॉलिंग ॲप घेतलं. महिन्याला थोडे दिरहम भरायचे आणि भारतात हवं तितकं बोलायचं. यांच्या फोनवर मात्र दर वेळी वेगळाच दहा आकडी भारतीय नंबर उमटतो. आता ॲप विकणाऱ्याचा इंदूरचा माणूस घरी येऊन गेला. माडीवरची रिकामी खोली द्या, एक मशीन ठेवायचं आहे, वाय-फाय तुमचंच चालेल, महिना आठ हजार भाडं आणि मुलाचे कॉल फुकट. त्यानं आधारकार्डाचा फोटो मागितला, तो यांनी पाठवूनही दिला. विचारतात, यात काही बेकायदा आहे का, आणि मुलानं मग कोणती सेवा घ्यावी?

उत्तर : काकू, खोली देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हा निरोप त्या माणसाला आजच गेला पाहिजे. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून, एका ओळीत : "मला खोली द्यायची नाही, माझं आधार कुठेही वापरू नये." कारण सांगू नका, वाद घालू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे दर वेळी वेगळा भारतीय नंबर. शारजाहून लागलेला सरळ कॉल तुमच्या फोनवर +९७१ नं सुरू होणारा नंबर दाखवील. तुमच्याकडे दिसतो तो कुणा तिसऱ्याच माणसाचा. मुलाचा आवाज इंटरनेटवरून भारतातल्या कुठल्यातरी खोलीत येतो. तिथे एका पेटीत ओळीनं सिमकार्डं खोचलेली असतात. पेटी त्यातलं मोकळं सिम निवडते आणि तुम्हाला साधा लोकल कॉल लावते. हिला सिमबॉक्स म्हणतात, आणि तुमच्या माडीवर येऊ घातलेलं 'मशीन' बहुतेक हेच.

यात पैसा कुठे वाचतो तेही सांगतो, म्हणजे आठ हजार कुठून येतात ते कळेल. परदेशातून आलेला कॉल इथल्या ग्राहकापर्यंत पोचवण्याबद्दल इथली कंपनी शुल्क घेते. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, १ मे २०२० पासून ते मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवण्याची मुभा दिली. देशातल्या देशात कॉल पोचवण्याचं शुल्क मात्र १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे. परदेशी कॉलला लोकल कॉलचा मुखवटा चढवला की मिनिटामागचे ते पैसे खिशात. दिवसरात्र चालणाऱ्या पेटीत ते किती होत असतील याचा हिशेब तुम्हीच करा, गणित शिकवलंत ना!

सरकारला शुल्क बुडण्यापेक्षा जास्त खुपतं ते निराळंच. कॉल कुणी केला ते शोधताच येत नाही. पोलीस असल्याचं भासवून फोनवरच 'डिजिटल अरेस्ट'च्या धमक्या देणारे अशाच पेट्यांचा आडोसा घेतात. परदेशातून भारतीय नंबरचं सोंग घेऊन येणारे कॉल अडवायला २२ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं एक यंत्रणा सुरू केली. पेटीतला कॉल त्या चाळणीत अडकत नाही, कारण तो खरोखरच इथल्या सिमवरून लागलेला असतो. म्हणून अशा लोकांना घरं हवी असतात, तीही शक्यतो तुमच्यासारख्या सरळमार्गी माणसांची.

आता कायदा. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा देणं किंवा जाळं उभारणं हा दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवणुकीनं किंवा दुसऱ्याच्या नावावर सिम मिळवणाऱ्याला याच कलमात तीन वर्षं किंवा पन्नास लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. "मी फक्त खोली दिली" हे म्हणणं कोर्टात टिकेलही, पण तिथवर पोचायला वर्षं जातील. वीजबिल तुमच्या नावावर, ब्रॉडबँड तुमच्या नावावर, म्हणजे तपास आधी तुमच्याच दाराशी येणार. शिवाय भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश इंदुरात वेळोवेळी निघतात. ती द्यायला हा माणूस तयार आहे का, एवढं विचारलं असतंत तरी तो पुन्हा फिरकला नसता.

आजवर मुलाचे कॉल उचललेत त्याची भीती बाळगू नका. आलेला फोन उचलणं म्हणजे सेवा पुरवणं नव्हे. पण आता माहीत झालं आहे, तेव्हा ते ॲप बंद.

आधारचं आज संध्याकाळीच करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या मोबाइल नंबरावर ओटीपी मागवून तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत चालतात, तेव्हा एखादं अनोळखी निघालं तर नवल नाही. निघालंच, तर तिथेच 'हा माझा नंबर नाही' अशी नोंद करा. बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आधारच्या सरकारी ॲपवरून लॉक करा. परदेशी कॉल भारतीय नंबरानं आल्याची तक्रारही संचार साथीवर होते, किंवा १९६३ वर फोन करून. मग ठाण्यात साधा लेखी अर्ज द्या : अमुक तारखेला अमुक माणूस आला, हे मागितलं, मी नाकारलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. त्याच्या चॅट, व्हॉइस नोट यातलं काहीही पुसू नका. कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोनवरून केलं तर सोपं जातं.

राहिला मुलगा. तिथला वकील मी नाही, पण ठळक गोष्टी सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून फोनची सेवा परवानाधारकांनीच द्यायची असा नियम आहे. व्हॉट्सॲपचे संदेश जातात, कॉल लागत नाहीत, ते यामुळेच. कुणीतरी त्याला व्हीपीएन, म्हणजे आपण नेटवर कुठून आहोत ते झाकणारी सोय, लावायचा सल्ला देईलच. कंपनीच्या कामासाठी व्हीपीएन वापरणं वेगळं. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता (नेटवरचा आपला ओळख-क्रमांक) बदलला, तर तिथल्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही आहे. आईशी बोलण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

निवड खरं तर सोपी आहे, काखेत कळसा नि गावाला वळसा अशातली. बोटिमसारखं तिथं परवानगी असलेलं ॲप त्यानं घ्यावं, तेच तुमच्या फोनवर घालावं, आणि दोघांनी ॲपमधूनच बोलावं. असा कॉल टेलिफोनच्या जाळ्यात उतरतच नाही, मग पेटीचा संबंध कुठे? तुमचं नेट रुसतं तेव्हासाठी त्याच्या एतिसलात किंवा डू या तिथल्या मोबाइल कंपनीच्या सिमवर भारताची मिनिटं देणारा पॅक असू द्या. थोडा महाग पडेल, पण तुमच्या फोनवर +९७१ दिसेल. कुठलीही नवी सेवा घेतली की पहिल्या कॉलला नंबर बघा. अनोळखी भारतीय मोबाइल नंबर दिसला तर त्याच दिवशी सोडा, मग ॲपचं दुकान कितीही झगझगीत असो. आणि एकदम वर्षाचे पैसे कुणाकडेही भरू नका. स्काइपसारखं स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं.

जुन्या ॲपला भरलेले दिरहम गेले असं समजा. त्यासाठी मुलानं विक्रेत्याशी भांडायला जाऊ नये. तो दमदाटी करू लागलाच, तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे, तिथे कायदेशीर सल्ला फुकट मिळतो. जाताना पावत्यांचे स्क्रीनशॉट बरोबर न्यावेत.