द्राक्षातले रेस्व्हेराट्रॉल, हळदीच्या गोळ्या आणि स्त्रीबीज

प्रश्न : माझे वय 35 आहे. तपासणीत एएमएच (शिल्लक स्त्रीबीजांच्या संख्येचा अंदाज देणारे संप्रेरक) 0.9 आले असून आयव्हीएफचा (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराचा) पहिला प्रयत्न अयशस्वी ठरला. आता दुसऱ्या प्रयत्नाची तयारी चालू आहे. नणंदबाईंनी रेस्व्हेराट्रॉलच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत, तर सासूबाई मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्या घ्यायला सांगतात. वनस्पतीतलेच असल्यामुळे अपाय नाही, झाला तर फायदाच, असे दोघींचेही म्हणणे आहे. हे घ्यावे का आणि घेतल्यास कधीपर्यंत? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही बाटल्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी पाहेपर्यंत काहीही सुरू करू नका. त्यांनी परवानगी दिली, तरी गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या काळात रेस्व्हेराट्रॉल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कधीपर्यंत’ हा तुमचा प्रश्न म्हणूनच फार मोलाचा आहे.

स्त्रीबीज बीजांडकोशात एकटे वाढत नाही. त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात. या पेशी बीजाला पोषण पुरवतात, शेजारच्या थीका पेशींनी तयार केलेल्या पुरुषी संप्रेरकांचे ॲरोमटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेन गटातल्या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतात आणि बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार करू लागतात. तुमच्या अहवालातले एएमएचसुद्धा लहान फॉलिकलमधल्या (बीज ज्यात वाढते त्या पिशवीतल्या) याच पेशींतून येते. पेशींच्या कामकाजात ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतच असतात आणि वाढत्या वयाबरोबर त्यांना आवर घालण्याची बीजांडकोशाची ताकद कमी होत जाते. अँटिऑक्सिडंटकडून, म्हणजे असे रेणू निष्प्रभ करणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलसारख्या पदार्थांकडून, आशा वाटते ती यामुळेच, आणि ती अगदीच निराधार नाही : 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभर रेस्व्हेराट्रॉल दिलेल्या उंदरांच्या माद्या त्या वयातही प्रजननक्षम राहिल्या, तर ते न मिळालेल्या माद्यांना पिल्ले झाली नाहीत.

जाहिराती इथेच थांबतात, म्हणून पुढचे थोडे विस्ताराने लिहितो. 2012 मध्ये उंदरांच्याच वर्गातल्या रॅट या प्राण्याच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर रेस्व्हेराट्रॉलचा परिणाम तपासला गेला, तेव्हा पेशींची वाढ मंदावली, इस्ट्रोजेन तयार करण्याची क्षमता घटली आणि प्रोजेस्टेरॉन मात्र वाढले. कांदा, सफरचंद यांत असणाऱ्या क्वेर्सेटिनने डुकरिणीच्या त्याच पेशींमध्ये उलट प्रोजेस्टेरॉन कमी केले. म्हणजे हे पदार्थ घातक रेणू पुसून गप्प बसत नाहीत, तर संप्रेरकांच्या कारभारात हात घालतात. शिवाय ते रेणू सरसकट घातकही नाहीत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले, की उंदराच्या बीजांडकोशालगत अँटिऑक्सिडंट सोडले तर बीज बाहेर पडण्याची क्रियाच मोठ्या प्रमाणात रोखली जाते. त्या क्षणी शरीराला त्या रेणूंची गरज असते.

मात्रेचा प्रश्न तर याहून मोठा आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर साधारणपणे 10 ते 100 मायक्रोमोलर इतके रेस्व्हेराट्रॉल घालतात. तोंडाने 25 मिलिग्रॅम घेतले, तर आतडे आणि यकृत त्याचे रूप इतक्या झपाट्याने बदलतात, की रक्तात मूळ स्वरूपातले रेस्व्हेराट्रॉल दर मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे सुमारे 0.02 मायक्रोमोलर उरते. बशीतली कमीत कमी मात्रासुद्धा याच्या पाचशे पट भरते, हे लक्षात घेतले तर बशीतला निष्कर्ष थेट तुमच्या बीजांडकोशाला लावता येणार नाही.

स्त्रियांवरच्या पुराव्याविषयी सांगायचे तर 2020 च्या कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढाव्यात 63 चाचण्या आणि 7,760 महिलांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात जीवनसत्त्वांपासून मेलाटोनिनपर्यंत नाना प्रकारचे अँटिऑक्सिडंट होते. फायदा होत असेलही, पण पुरावा कमी ते अतिशय कमी दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. जपानमध्ये 2019 साली आयव्हीएफच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोज 200 मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल घेणाऱ्या महिलांमध्ये गर्भ राहण्याचे प्रमाण कमी आणि गर्भपाताचे जास्त आढळले. जुन्या नोंदींवरून अंतिम निर्णय देता येत नाही, हे खरे. परंतु गर्भ रुजण्यासाठी गर्भाशयाच्या अस्तरात जो बदल व्हावा लागतो त्याला रेस्व्हेराट्रॉल अडथळा आणते, असे पेशींवरच्या प्रयोगांतही दिसले आहे. एवढ्या प्रयासाने तयार झालेल्या गर्भाच्या बाबतीत ही जोखीम घेण्याचे काहीच कारण नाही.

सासूबाईंची काळजी मी समजू शकतो. आमटी-भाजीतली हळद निर्धास्त खा; तिच्यात कर्क्युमिन हा तिचा मुख्य क्रियाशील घटक जेमतेम 3 टक्के असतो आणि तोही अंगी फारसा लागत नाही. गोळीचे मात्र वेगळे आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पायपरिन अवघे 20 मिलिग्रॅम दिले, तेव्हा कर्क्युमिनचे शोषण 2000 टक्क्यांनी वाढले. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे अनेक देशांतून आल्या आहेत.

फॉलिकलच्या वाढीचा शेवटचा टप्पा सुमारे 85 दिवसांचा असतो. त्यामुळे जे करायचे ते बीज काढण्याच्या तीन महिने आधीपासून करा : फॉलिक ॲसिड चालू ठेवा, भाज्या-फळे-कडधान्ये नेमाने खा आणि घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते बंद करायला लावा. मिशरी लावण्याची सवय असेल तर तीही सोडा. एएमएच बीजांच्या संख्येचा अंदाज देते, दर्जाचा नाही, आणि वयानुसार गुणसूत्रांमध्ये होणारे दोष कोणतीही कॅप्सूल दुरुस्त करत नाही. पहिला प्रयत्न फसला तो तुम्ही काही खायचे राहून गेले म्हणून नव्हे, एवढे घरी दोघींनाही अवश्य सांगा.

प्रश्न : माझ्या 22 वर्षांच्या मुलीला पीसीओएस (संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याचा बीजांडकोशाचा विकार) आहे. द्राक्षे आणि ग्रीन टीच्या अर्काने फरक पडेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : पोलंडमधील 2016 च्या चाचणीत रोज 1500 मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल तीन महिने दिल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुमारे 23 टक्क्यांनी घटले, पण चाचणी पूर्ण करणाऱ्या महिला तीसच होत्या आणि गर्भधारणा हा तिचा विषय नव्हता. द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल दर ग्रॅमला 50 ते 100 मायक्रोग्रॅम धरले, तर तेवढ्या मात्रेसाठी रोज 15 ते 30 किलो नुसती साल लागेल. मुलीने द्राक्षे आवडीने खावीत, औषध म्हणून नव्हे. ग्रीन टी प्यायला हरकत नाही, अर्काच्या गोळ्या मात्र टाळा. त्यातले ईजीसीजी (ग्रीन टीमधला प्रमुख अँटिऑक्सिडंट) दिवसाला 800 मिलिग्रॅमवर गेले की रक्तातली यकृताची विकरे वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नमूद केले आहे. वजन जास्त असल्यास ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरले तरी अनेक मुलींची पाळी नियमित होऊ लागते.