गाडी दिसली की सुटायलंय, काय करावं?

"सर, आमचं कुत्रं गाडीमागं लागतंय, काय करावं?" असा फोन मला सारखा येतो, म्हणून एक केस सांगतो, नाव नको.

चाकूर तालुक्यातले एक मामा, शेत रस्त्याला लागून आणि आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या गोठ्यावर) दोन वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा, वाघ्या. आता लातूर भागात कारवानी काय चीज आहे हे सांगायला नको, लांबून नजरेनं हेरायचं आन् सुसाट सुटायचं ह्याच कामासाठी पिढ्यानपिढ्या पोसलेलं जनावर, त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवलं तर दुसरं काय होणार. त्यात दूधवाला घसरून पडला, गुडघा फुटला, भांडण झालं. मामा म्हणाले, "लई मारलं सर, तरी सुटायलंय, आता तर हाक मारली तर जवळबी येईना गेलंय."

मी तासभर बांधावर नुसता बसलो. गाडीचा आवाज आला की वाघ्याचं तोंड मिटायचं, कान पुढं यायचे, अंग ताठ, दोनएक सेकंद तसाच, मग झेप. आणि गाडी तर निघूनच जाणार ना, तिला जायचंच असतं, पण वाघ्याच्या हिशोबानं त्यानं हाकलली म्हणून गेली, म्हणजे रोज दहा गाड्या तर रोज दहा वेळा जिंकला. मार कधी बसायचा तर परत आल्यावर. म्हणजे शिकला काय, तर मालकाकडं परत गेलं की मार बसतो. मामा गप्पच झाले हे ऐकून.

आधी जिंकणं बंद केलं. कारवानीची मान लांब, डोकं निमुळतं, साधा पट्टा सटकन निघतो, म्हणून रुंद पट्टा आणि तीस फुटांची दोरी. मग रस्त्यापासून एवढं लांब उभं राहायचं की गाडी दिसेल पण तो हातातलं खाईल. खाईना तर आपण फार जवळ आलोत, मागं सरकायचं, रागवायचं नाही. गाडी दिसली की लगेच उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा, गाडी गेली की देणं बंद. ज्वारीची भाकरी देऊन बघितली, तिला तो भीक घालीना, रोजचीच ती. (कांदा आणि मनुके मात्र कुत्र्याला कधीच नको, विषारी असतात.) गाड्या पुतण्याच्या, सुरुवातीला हळूच चालवायला लावलं. जोडीला पहाटे शेतात मोकळ्या रानात पळवणं, ते पण ऊन चढायच्या आत, उन्हाळ्यात आपल्याकडचं डांबर म्हणजे तव्यावर पाय ठेवल्यासारखं.

मामांचं चुकायचं एकाच ठिकाणी, तुकडा उशिरा द्यायचे, खिशात हात घालेपर्यंत वाघ्या ताठ झालेला असायचा आणि नेमकं ताठ होण्याचंच बक्षीस मिळायचं. मग तुकडे आधीच मुठीत धरायला लावले.

दीड महिन्यानं फोन आला. गाडी आली की वाघ्या आता मामांच्या मुठीकडं बघतो. दूधवाला तिथं गाडी हळू करतो, पण बोलत अजून नाही. दोरी सोडू का विचारत होते, नाही म्हणलं, बुलेटचा आवाज आला की अजूनबी त्याचं तोंड मिटतं.