टेलिग्रामवर पैसे घेऊन क्रिकेटच्या सट्ट्याच्या टिप देणाऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. आमच्या यवतमाळकडे कापसाचा चुकारा हाती आलेला असतो, त्याच सुमारास आयपीएल सुरू होते आणि ‘सलग पाच टिप बरोबर, सहावीचे पैसे भरा’ असे संदेश पोरांच्या मोबाइलवर येऊ लागतात. सलग पाचचे हे गणित सोपे आहे : १,०२४ जणांपैकी अर्ध्यांना एक संघ जिंकेल असे कळवायचे, उरलेल्यांना दुसरा, आणि ज्यांची टिप चुकली त्यांना सोडून पुढच्या सामन्याला पुन्हा तसेच करायचे, पाच सामन्यांनंतर ३२ जण असे उरतात, ज्यांनी या माणसाची एकही टिप चुकलेली पाहिलेली नसते. तो खरोखर जाणकार असला, तरी दोन्ही संघांचा भाव १.९० (म्हणजे शंभर रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह १९० परत) असताना निव्वळ मुद्दल टिकवायलाच शंभरांत जवळपास ५३ टिप बरोबर याव्या लागतात. शिवाय यांतले काही जण आपल्या लिंकवरून सट्ट्याच्या ॲपवर आलेल्या माणसाच्या नुकसानीत कमिशन घेतात, म्हणजे तुमची हार हीच त्यांची कमाई. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीही आणली आहे. पैसे आधीच गेले असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी.