गाडी खाली घेतल्यावर येणारी थरथर

प्रश्न : माझी ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर एक लाख किलोमीटरहून अधिक चालली आहे. दिवाळीत मी चारही बाजूंना आखूड स्प्रिंग बसवून गाडी सुमारे ४० मिलिमीटर खाली घेतली. तेव्हापासून राऊ ते मांगलिया बायपासवर ताशी ७० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबला की पायाखालचा पत्रा आणि सीट थरथरतात. पाय उचलला की थरथर थांबते. स्टिअरिंगला काहीही जाणवत नाही. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून झाले आहे. मिस्त्रींच्या मते मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचा कोन बिघडला असून गिअरबॉक्सखाली वॉशर टाकावे लागतील, नाहीतर शाफ्टच बदलावा लागेल. हा खर्च करावा का?
एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपण तूर्त लांब शाफ्टला हात लावू देऊ नये आणि गिअरबॉक्सखाली वॉशर तर मुळीच टाकू देऊ नयेत. मिस्त्रींचे निदान चुकीच्या गाडीवरून बेतलेले दिसते. जुन्या बोलेरोसारख्या गाडीत मागचा अखंड एक्सल पाट्यांवर बसवलेला असतो. तेथे उंची बदलली की एक्सल बॉडीच्या तुलनेत वर-खाली होतो, शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे, म्हणजे वाकणाऱ्या सांध्यांवरचे, कोन एकमेकांशी जुळेनासे होतात आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन झटके बसू लागतात. आपल्या डस्टरमध्ये मात्र मागचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिचा मागचा डिफरन्शिअल, म्हणजे शाफ्टचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, गाडीच्या सांगाड्यालाच जखडलेला असतो आणि पुढचा गिअरबॉक्सही त्याच सांगाड्यावर टेकलेला असतो. त्यामुळे गाडी ४० मिलिमीटर खाली आली तरी लांब शाफ्टची दोन्ही टोके बरोबरीनेच खाली येतात आणि त्याचा कोन होता तसाच राहतो.

कोन बदलतो तो डिफरन्शिअल वा गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या आखूड हाफ-शाफ्टचा. आपण दिलेली लक्षणेही तिकडेच बोट दाखवतात. बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकाला आपला पाय ॲक्सिलरेटरवर आहे की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते. ते त्या वेगाला थरथरणारच. जोर दिल्यावरच येणारी आणि जोर काढताच जाणारी थरथर बहुधा जोर वाहून नेणाऱ्या सांध्यातूनच येते. हाफ-शाफ्टच्या आतल्या टोकाच्या सांध्यात साधारणपणे तीन रोलर खोबणीतून मागेपुढे सरकत असतात. सांधा वाकलेल्या स्थितीत जोराने फिरला की हे रोलर प्रत्येक फेरीत तीन वेळा बाजूला ढकलणारे बळ निर्माण करतात. २१५/६५ आर १६ मापाचे टायर असतील तर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १० फेऱ्या घेते. म्हणजे या सांध्याची थरथर सेकंदाला सुमारे ३० वेळा येईल, तर टायरचा साधा असमतोल १० वेळा. मोबाइलवर कंपन मोजणारे ॲप सीटजवळ घट्ट ठेवून कुणाकडून तरी गाडी चालवून घेतली, तर हा फरक आकड्यांत दिसू शकतो.

गाडी खाली घेतल्याने कोन वाढलाच असेल असे नाही. अनेक गाड्यांत हाफ-शाफ्ट मुळात चाकाकडे किंचित उतरता असतो आणि थोडे खाली घेतल्याने तो सरळच होतो. पण एक लाख किलोमीटर चाललेल्या सांध्यातल्या रोलरांनी खोबणीत स्वतःपुरती झीज केलेली असते. नवी उंची त्यांना त्या झिजलेल्या पट्ट्याच्या कडेवर आणून ठेवते आणि जुन्या उंचीला न जाणवणारी झीज एकाएकी बोलू लागते. मला येथे हीच शक्यता सर्वात मोठी वाटते. इंजिनचे खालचे माउंटिंग सैल पडले असेल तर जोर देताच इंजिन झुकते आणि त्रासात भर पडते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

दोष पुढे आहे की मागे हे कळण्यासाठी ड्राइव्ह निवडण्याचा नॉब २डब्ल्यूडीवर (जोर फक्त पुढच्या चाकांना) ठेवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहावे. थरथर कायम राहिली तर पुढच्या हाफ-शाफ्टचे आतले सांधे संशयित ठरतात. बरीच कमी झाली तर मागचे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही चाचणी लॉकवर (पुढची-मागची चाके एकत्र जखडणाऱ्या स्थितीत) मात्र करू नये.

त्यानंतर, आणि कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी, एक बिनखर्चाचे काम करून घ्यावे, कारण स्प्रिंग बदलताना बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे रबर पिळले जाते आणि तसेच पिळलेले राहते. असे ताठरलेले बुश स्वतः ही थरथर निर्माण करत नाहीत. परंतु एरवी रबरात जिरून जाणारी थरथर ते थेट पत्र्यापर्यंत पोचवतात आणि लवकर फाटतातही. म्हणून गाडी पिटवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना हे बोल्ट ढिले करावेत, गाडी चारदोन वेळा दाबून बसू द्यावी आणि मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत. पिटमध्ये उतरल्यावर मिस्त्रींना आतल्या सांध्याजवळ हाफ-शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवायला आणि उलटसुलट पिळायला सांगावे. डाव्या-उजव्या बाजूंच्या ढिलाईत स्पष्ट फरक जाणवला किंवा रबरी बूट चिरून ग्रीस बाहेर उडालेले दिसले, तर दोषी सांधा हाती लागला असे समजायला हरकत नाही. मग तेवढाच सांधा किंवा त्या बाजूचा हाफ-शाफ्ट बदलावा.

चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे आहेत ना, हेही पाहून घ्यावे. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरातला फरक मागच्या चाकांना जोर जोडणाऱ्या कपलिंगला सतत घासत ठेवतो. हे सारे करूनही थरथर राहिली, तर २० ते २५ मिलिमीटरच खाली घेणारे स्प्रिंग निवडावेत. उंचीतील हा बदल विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे.