२०० लिटरच्या नव्या रीफ टाकीत (खाऱ्या पाण्याच्या, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायच्या टाकीत) शेवाळ साफ करायला ५० गोगलगायी आणि २५ हर्मिट क्रॅबचं (रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं) तयार पॅकेज टाकावं का?

नाही, ते पॅकेज घेऊ नका. तुमची टाकी जेमतेम सहा आठवड्यांची आहे. वाळूवर तपकिरी थर आणि काचेवर हिरवट साय एवढंच सध्या आहे म्हणता, म्हणजे एवढ्या ७५ तोंडांना पुरेल इतकं खाणंच त्यात नाही. पहिल्या काही दिवसांत सगळं लख्ख होईल, तुम्ही खूश व्हाल, आणि मग एकेक उपाशी मरायला लागेल. मेलेली गोगलगाय शंखातच सडते, अमोनिया सोडते आणि त्यावर पुन्हा शेवाळच पोसतं. पैसे मोजून टाकीत खत घातल्यासारखं आहे ते.

लिटरमागे इतके जीव हा हिशेबच मला पटत नाही. टाकीत खायला काय आहे आणि ते किती आहे, यावर संख्या ठरते. दोन टाक्या सारख्याच मापाच्या असल्या तरी एकीत मासे भरपूर आणि हात सैल सोडून खाणं घातलेलं असतं, दुसरीत दोन छोटे मासे असतात. दोघींना एकच माप कसं लावणार?

आधी तो तपकिरी थर नीट बघा. हाताने पाणी हलवल्यावर पावडरसारखा उडत असेल तर ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते येतातच, पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की बरेचदा आपोआप जातात. पण थर चिकट, शेंबडासारखा असेल, त्याच्या तारा लोंबत असतील, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसत असतील, आणि दिवे बंद असताना कमी होऊन दिवसा परत येत असेल, तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा संशय घ्या. त्यांच्या काही जाती विषारी असतात, ते खाऊन गोगलगायी मरतात. तसं असेल तर खरेदी थांबवा. लालसर-जांभळी चादर पसरून ती पापुद्र्यासारखी निघत असेल तर सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्याला सहसा कुणी तोंड लावत नाही. त्यावर गोगलगायी आणणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

डायटमच निघाले असं धरून चालतो. मी तुमच्या जागी असतो तर चार-पाच ट्रोकस, पाच-सहा सेरिथ आणि तीन नॅसेरियस या गोगलगायींवर सुरुवात केली असती, आणि महिनाभर दुसरं काही आणलं नसतं.

ट्रोकस काच आणि दगडांसाठी. हिची मोठी जमेची बाजू म्हणजे पडून उलटी झाली तरी ती स्वतः सुलटी होते. अ‍ॅस्ट्रिया नावाच्या गोगलगायीला ते सहसा जमत नाही. वाळूवर उताणी पडली आणि तुमचं लक्ष गेलं नाही तर ती तशीच मरते. शिवाय ट्रोकसची पिल्लं घरच्या टाकीतही होतात, म्हणजे खाणं असेल तर संख्या आपसूक वाढते. सेरिथ लहान, दिवसा बरेचदा वाळूत, रात्री बाहेर. मोठ्या गोगलगायी पोचत नाहीत त्या खाचा ती साफ करते आणि वाळूचा वरचा थरही हलता ठेवते.

नॅसेरियस शेवाळ खात नाही, हे लक्षात ठेवा. ती उरलंसुरलं मांस खाते. एरवी वाळूत गाडलेली असते, वर फक्त एक बारीक नळी दिसते. टाकीत मायसिस (माशांना घालतात ती बारीक कोळंबी) टाका आणि बघा: थोड्याच वेळात वाळू इथे-तिथे फुगते, फुटते आणि या गोगलगायी नळी हवेत फिरवल्यासारखी पाण्यात फिरवत चक्क धावत सुटतात. गोगलगाय धावते यावर तोवर माझाही विश्वास नव्हता.

मार्गारिटा नावाची गोगलगाय कुणी देऊ केली तर नको म्हणा. ती थंड पाण्यातली, २५-२६ अंशांत हळूहळू दगावते. टर्बो खादाड आहे, पण रांगडी. नीट न चिकटवलेले कोरलचे तुकडे ढकलून पाडते. केसाळ शेवाळ माजलं तरच एखादी आणा, आणि त्याआधी लांब झुपके हाताने उपटून काढा. लांब वाढलेल्या शेवाळाला बहुतेक गोगलगायी फिरकत नाहीत.

हर्मिट क्रॅबबद्दल मत विभागलेलं आहे. माझं म्हणाल तर नकोच. शंखासाठी ते गोगलगायी मारतात. ठेवायचेच असतील तर दोन-तीन ठेवा आणि निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख टाकून द्या. खून कमी होतात, थांबत नाहीत. वाळू चाळणारा तारामासा तर एवढ्या टाकीत मुळीच नको, वाळूतले सूक्ष्मजीव संपवून तो उपाशी मरतो. एमराल्ड क्रॅब हा खेकडा बुडबुड्यांचं शेवाळ आलं तरच आणा, पेपरमिंट श्रिंप ही कोळंबी एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आला तरच. पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप गळ्यात मारला जात नाही ना, तेवढं बघा. तो कोरल कुरतडतो.

आणि हे जीव शेवाळ किंवा उरलंसुरलं खातात, पण खाल्लेल्याची विष्ठा टाकीतच पडते. नायट्रेट, फॉस्फेट बाहेर काढायचं काम स्किमरचं (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राचं), पाणी बदलण्याचं आणि तुमच्या सायफनचंच आहे.

आणल्यावर घाई करू नका. पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. तुमच्याकडे १.०२६ (विशिष्ट गुरुत्व) आणि पिशवीत १.०२० असेल तर तासभर तरी थेंब-थेंब पाणी सोडत ती जुळवा. क्षारतेचा झटका माशांपेक्षा यांना जास्त लागतो. तांबं असलेलं कुठलंही औषध या टाकीत कधीच घालू नका, आजारी माशाचा उपचार वेगळ्या टाकीत.

नंतर अधूनमधून टाकीचे दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारून कोण हलतंय ते बघत जा. एखादी एकाच जागी दोन दिवस पडून असेल तर उचलून वास घ्या. मेलेलीचा वास लपत नाही. ती लगेच काढा, पण रिकामा शंख धुऊन ठेवायला हरकत नाही.